परवाना आणि प्रमाणपत्र : संगणक आज्ञावलीकारांच्या व्यावसायिक प्रमाणनाचा इतिहास आणि बिरसीचा संदर्भ

सारांश

संगणक आज्ञावली लिहिणाऱ्या व्यक्तीची व्यावसायिक क्षमता परीक्षेद्वारे प्रमाणित करण्याचा प्रयत्न १९६२ पासून सुरू आहे. वैद्यक, सनदी लेखापाल किंवा वैमानिक यांच्याप्रमाणे आज्ञावलीकाराला कायदेशीर परवाना मात्र भारतात कधीच आवश्यक ठरला नाही. प्रस्तुत लेखात या प्रमाणनाचा जागतिक व भारतीय इतिहास, त्यातील महाराष्ट्राचा वाटा आणि ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ यांचा विचार केला आहे. त्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील वैमानिक प्रशिक्षणाशी तुलना केली आहे. परवान्याची सक्ती न करताही परवाना पद्धतीतील काही तत्त्वे महाविद्यालयांना स्वीकारता येतील, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : प्रमाणन, परवाना, आज्ञावलीकार, डोएक, सी-डॅक, एम.एस.-सी.आय.टी., बिरसी, गोंदिया.

१. प्रस्तावना

गोंदिया शहराजवळील बिरसी हे गाव आज तेथील विमानतळामुळे ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिश राजवटीने येथे धावपट्टी बांधली. युद्ध संपल्यानंतर ती दीर्घकाळ सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती. पुढे काही वर्षे ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यात राहिली आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. त्यानंतर प्राधिकरण आणि कॅनडातील सी.ए.ई. ही कंपनी यांच्या संयुक्त सहभागातून येथे राष्ट्रीय वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली. धानाची शेती, भातगिरण्या आणि विडी उद्योग यांवर जगणाऱ्या या परिसराच्या आकाशात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले प्रशिक्षणार्थी छोटी विमाने उडवू लागले.

बिरसीचे हे उदाहरण एका वेगळ्याच प्रश्नाकडे लक्ष वेधते. धावपट्टीच्या कुंपणाच्या आत शिकणाऱ्या तरुणाने व्यवसाय करण्यापूर्वी काय सिद्ध करावयाचे, हे कायद्याने ठरलेले आहे. कुंपणाच्या बाहेरील खेड्यातून गोंदियाच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकण्यासाठी जाणाऱ्या तरुणाने काय सिद्ध करावयाचे, हे मात्र कोणत्याही कायद्याने ठरविलेले नाही. त्याच्यासमोर पदवी, पदविका, शासकीय प्रमाणपत्रे, खाजगी संस्थांची प्रमाणपत्रे आणि परदेशी कंपन्यांच्या परीक्षा अशी लांबलचक यादी असते. यांपैकी कशाला किती मोल आहे, हे त्याला सांगणारी अधिकृत व्यवस्था नाही. तो सल्ल्यासाठी आपल्या प्राध्यापकाकडेच येतो. म्हणून या प्रमाणपत्रांचा इतिहास जाणून घेणे हे केवळ संगणक विभागाचे काम राहत नाही.

२. परवाना व प्रमाणपत्र : संकल्पनेतील भेद

परवाना आणि प्रमाणपत्र हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत फरक आहे. परवाना राज्यसंस्था देते आणि तो नसताना व्यवसाय करणे गुन्हा ठरतो. प्रमाणपत्र कोणतीही संस्था देऊ शकते. ते धारकाच्या क्षमतेविषयी साक्ष देते, परंतु ते नसलेल्यास व्यवसायापासून रोखत नाही.

बिरसीतील प्रशिक्षणार्थी परवान्याच्या मार्गावर असतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी त्याचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, विमान नियम व तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय वैद्यकीय तपासणी व किमान २०० तासांचे उड्डाण बंधनकारक आहे. या नियमांचा पाया १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम हा होता. १९३४ च्या अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. या व्यवस्थेत शिकविणारी संस्था आणि लेखी परीक्षा घेणारी यंत्रणा या दोन वेगळ्या आहेत, आणि प्रत्यक्ष सरावाचा तासागणिक हिशेब नोंदवहीत राहतो, या दोन गोष्टी येथे विशेषत्वाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

परवाना असला म्हणजे सर्व काही निर्दोष होते, असे मात्र नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे वैमानिकाचे परवाने मिळविल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली होती. बिरसीहून उडालेल्या प्रशिक्षण विमानांना २०१७ व २०२३ मध्ये प्राणघातक अपघात झाले. परवाना धोका नाहीसा करीत नाही. धोक्याची जबाबदारी कोणाची, हे निश्चित करण्याचे साधन तो पुरवितो.

प्रमाणपत्राचे परवान्यात रूपांतर कसे होते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारच्या पुढाकाराने लेखाशास्त्राची शासकीय पदविका, म्हणजे जी.डी.ए., सुरू झाली. परीक्षेबरोबर अनुभवी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. पुढे १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाने या व्यवसायाला स्वतःची वैधानिक संस्था मिळाली. एका पदविकेपासून वैधानिक व्यवसायापर्यंतचा हा प्रवास सुमारे तीन दशकांत पूर्ण झाला. आज्ञावलीकारांच्या बाबतीत सहा दशके उलटूनही हे घडले नाही. ते का घडले नाही, हाच पुढील विवेचनाचा विषय आहे.

३. जागतिक पार्श्वभूमी

संगणक क्षेत्रातील पहिली महत्त्वाची व्यावसायिक परीक्षा अमेरिकेत १९६२ मध्ये सुरू झाली. माहिती प्रक्रिया व्यवस्थापकांच्या संघटनेने घेतलेल्या या परीक्षेतून 'सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग' हे प्रमाणपत्र मिळत असे. या परीक्षेसाठी महाविद्यालयीन पदवीची अट असावी काय, यावर संघटनेत तीव्र मतभेद झाले. प्रत्यक्ष कामातून शिकलेले अनेक कुशल आज्ञावलीकार पदवीधर नव्हते. अट घातली तर तेच बाहेर राहणार होते. पदवी मोठी की अनुभव, हा वाद या क्षेत्राच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. १९७३ मध्ये अशा परीक्षांसाठी संगणक व्यावसायिकांच्या प्रमाणनाची स्वतंत्र संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

दरम्यान १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विद्यमाने भरलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा जाणीवपूर्वक पुढे आणली गेली. आज्ञावली लिहिणे ही व्यक्तिगत कला न राहता तिला अभियांत्रिकीची शिस्त लागावी, ही त्यामागील भूमिका होती. या शिस्तीची गरज किती खरी होती, हे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे झालेल्या अपघातांनी दाखविले. आज्ञावलीतील दोषांमुळे किमान ६ रुग्णांना घातक प्रमाणात किरणोत्सर्ग मिळाला व त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांना परवाना देण्यास सुरुवात केली. परंतु त्या देशातील संगणकतज्ज्ञांची प्रमुख संघटना असलेल्या ए.सी.एम.ने २००० च्या सुमारास परवाना पद्धतीला विरोध नोंदविला. ज्ञानशाखा अजून परिपक्व नाही, म्हणून परवाना समाजाला खोटे आश्वासन देईल, असा तिचा मुख्य युक्तिवाद होता. आय.ई.ई.ई. संगणक संघटनेने मधला मार्ग निवडला. तिने २००२ मध्ये अनुभवी व्यक्तींसाठी 'सर्टिफाइड सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट प्रोफेशनल' ही परीक्षा खुली केली. तिच्यासाठी पदवी व सुमारे ९,००० तासांच्या कामाचा अनुभव अपेक्षित होता. २००८ मध्ये नवपदवीधरांसाठी तिचीच प्राथमिक पायरी सुरू झाली. या परीक्षांच्या तयारीचा आधार म्हणजे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या ज्ञानक्षेत्रांची मार्गदर्शिका होय. तिच्या २००४ च्या आवृत्तीत १० ज्ञानक्षेत्रे होती, २०१४ च्या आवृत्तीत ती १५ झाली. ज्या विषयाची सीमा दहा वर्षांत दीडपटीने वाढते, त्याची परीक्षा स्थिर कशी राहणार, हा प्रश्न या आकड्यांतच दडलेला आहे. अमेरिकेत व्यावसायिक अभियंत्याच्या परवान्यासाठी सॉफ्टवेअर विषयाची स्वतंत्र परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. पण अत्यल्प प्रतिसादामुळे ती २०१९ नंतर बंद करण्यात आली.

४. भारतातील सुरुवात आणि महाराष्ट्र

भारतातील संगणकविद्येचा प्रारंभकाळ मुंबईशी निगडित आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी मुंबईत सुरू झाली. या काळात आज्ञावलीकार घडत ते प्रामुख्याने कामाच्या ठिकाणी. गणित, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर कार्यालयात रुजू होई व तेथेच फोरट्रान किंवा कोबोल शिके. त्याच्या क्षमतेची साक्ष त्याचा वरिष्ठ देई, परीक्षा नव्हती.

१९८० च्या दशकात मागणी वाढली आणि हे चित्र पालटले. प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीतून एम.सी.ए. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम देशात आला. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच दशकात खाजगी संगणक प्रशिक्षण संस्थांचा विस्तार झाला. एन.आय.आय.टी. १९८१ मध्ये, तर मुंबईतील ॲपटेक १९८६ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या पाठोपाठ तालुक्याच्या गावापर्यंत संगणक वर्गांच्या पाट्या लागल्या. प्रत्येक वर्ग स्वतःच शिकवी, स्वतःच परीक्षा घेई आणि स्वतःच प्रमाणपत्र देई. शिकविणारा व तपासणारा एकच असल्याने त्या प्रमाणपत्राचे मोल ठरविणे नोकरी देणाऱ्यालाही कठीण होते.

५. खुल्या परीक्षेचा प्रयोग

या गोंधळावर शासनाने शोधलेला उपाय म्हणजे 'डोएक' योजना होय. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सहकार्याने १९९० मध्ये ही योजना सुरू केली. तिच्यात ओ, ए, बी व सी असे चार स्तर होते. ओ स्तर हा पायाभूत, ए स्तर प्रगत पदविकेचा, बी स्तर एम.सी.ए.च्या आणि सी स्तर एम.टेक.च्या तोडीचा मानला गेला. खाजगी वर्गांनी शिकवावे, परंतु परीक्षा राष्ट्रीय पातळीवर एकच असावी, हे या योजनेचे मूलतत्त्व होते. जानेवारी व जुलै अशा वर्षातून दोन परीक्षा होत आणि विहित पात्रता असलेल्या उमेदवाराला कोणत्याही वर्गात न जाता स्वयंअध्ययनाने बसण्याचीही मुभा होती. २०११ मध्ये या संस्थेचे नाव बदलून राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'नायलिट', असे झाले.

मुंबईत याच स्वरूपाचा दुसरा प्रयोग झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक केंद्रातून १९८५ मध्ये डॉ. एस. रमणी यांच्या संचालकत्वाखाली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्वतंत्र झाले. या केंद्रातर्फे सॉफ्टवेअर तंत्रज्ञानातील क्षमतेची राष्ट्रीय परीक्षा घेतली जाई आणि केंद्राच्या पदव्युत्तर पदविकेच्या प्रवेशासाठी तिचा उपयोग होई. उमेदवार कोठे शिकला, यापेक्षा त्याला काय येते, हे पाहणारी ही परीक्षा होती. पुढे हे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले.

पुण्यातील सी-डॅक १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली महासंगणकाच्या निर्मितीसाठी स्थापन झाली व १९९१ मध्ये तेथे 'परम ८०००' तयार झाला. या संस्थेने १९९३ मध्ये प्रगत संगणन प्रशिक्षण शाळा सुरू केली. तिचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम महाराष्ट्रातील अभियांत्रिकी पदवीधरांना सॉफ्टवेअर उद्योगाकडे नेणारा एक प्रमुख दरवाजा ठरला. तथापि ही पद्धत डोएकपेक्षा भिन्न होती. येथे परीक्षेपेक्षा सघन, पूर्णवेळ सराव महत्त्वाचा होता. परंतु त्यासाठी शहरात राहण्याचा व शुल्काचा खर्च पेलणे आवश्यक होते.

विदर्भाच्या संदर्भात आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक १९९० च्या दशकापासून देशभरातील विद्यार्थ्यांचे क्रमिक पुस्तकच बनले. परीक्षा दिल्लीची असो वा पुण्याची, तयारीसाठी हाती असणारे पुस्तक नागपुरात शिकविणाऱ्या लेखकाचे होते. स्वयंअध्ययनाच्या परंपरेत अशा पुस्तकांचे स्थान संस्थांइतकेच मोठे मानावे लागेल.

६. कंपन्यांच्या परीक्षा आणि त्यांची मर्यादा

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आपल्या उत्पादनांवर आधारित व्यावसायिक प्रमाणन सुरू केले. त्यानंतर ओरॅकल व सन मायक्रोसिस्टिम्स यांच्या परीक्षाही लोकप्रिय झाल्या. जावा भाषेचा प्रसार झाल्यावर सन कंपनीची जावा आज्ञावलीकाराची परीक्षा भारतीय विद्यार्थ्यांत विशेष मान्यता पावली. परदेशात काम मिळविण्याच्या दृष्टीने ही प्रमाणपत्रे उपयुक्त वाटत, कारण ती पुण्यात मिळवली काय किंवा न्यूयॉर्कमध्ये, त्यांचा अर्थ एकच होता. भारतीय विद्यापीठाच्या पदवीला परदेशात जी ओळख सांगावी लागे, ती या प्रमाणपत्राला सांगावी लागत नसे.

तथापि या पद्धतीचे तीन दोष लवकरच स्पष्ट झाले. पहिला दोष पाठांतराचा. बहुपर्यायी प्रश्नांचे संच बाजारात व महाजालावर फिरू लागले आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसताना केवळ प्रश्नोत्तरे पाठ करून उत्तीर्ण होणाऱ्यांना १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'कागदी' प्रमाणपत्रधारक म्हटले जाऊ लागले. दुसरा दोष अल्पायुष्याचा. कंपनीचे उत्पादन बदलले की प्रमाणपत्र शिळे होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एन.टी. ४.० वरील प्रमाणपत्रे २००१ च्या अखेरीस रद्दबातल ठरविण्याचे जाहीर केले होते. धारकांच्या नाराजीनंतर तो निर्णय मागे घेण्यात आला. त्याच कंपनीच्या विकसकांसाठीच्या जुन्या परीक्षा जानेवारी २०२१ अखेर बंद झाल्या. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने विकत घेतल्यावर जावाच्या प्रमाणपत्राचे नावच बदलले. तिसरा दोष हितसंबंधांचा. ज्या कंपनीला आपले उत्पादन खपवावयाचे आहे, तीच त्याच्या ज्ञानाची परीक्षक ठरते.

गोंदियासारख्या जिल्ह्यातील उमेदवारासाठी यात अंतर, शुल्क व भाषा यांची भर पडे. परीक्षा केंद्रे मोठ्या शहरांत असत. गोंदिया ते नागपूर हे अंतर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. परीक्षेचे शुल्क डॉलरच्या हिशेबाने ठरे आणि परीक्षेची भाषा इंग्रजी असे. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा पूर्ण शुल्क भरणे हे शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यासाठी सहज शक्य नव्हते.

याच काळात भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाने एक वेगळा मार्ग पत्करला. व्यक्तीचे प्रमाणन करण्याऐवजी संस्थेच्या कार्यपद्धतीचे प्रमाणन करून घेण्यावर भर दिला गेला. आय.एस.ओ. ९००१ आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने विकसित केलेली क्षमता-परिपक्वता श्रेणी यांत भारतीय कंपन्या आघाडीवर राहिल्या. ग्राहकाला विश्वास हवा होता. तो कंपनीच्या श्रेणीने मिळाला. त्यामुळे कर्मचाऱ्याकडे स्वतंत्र व्यावसायिक प्रमाणपत्र असण्याची निकड उरली नाही. सनदी लेखापाल स्वतःच्या नावाने सही करतो. आज्ञावलीकार कंपनीच्या नावाआड काम करतो. हा व्यवसाय परवान्यापर्यंत का पोहोचला नाही, याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

७. साक्षरता आणि व्यावसायिकता यांतील अंतर

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणकाचे प्रमाणपत्र म्हणजे एम.एस.-सी.आय.टी. असे समीकरण झालेले आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली व त्याच वर्षी हा अभ्यासक्रम सुरू झाला. मराठीतून शिकण्याची सोय, गावोगावी पसरलेली अधिकृत केंद्रे आणि शासकीय सेवेसाठी मिळालेली मान्यता यांमुळे लाखो लोकांनी तो पूर्ण केला. संगणकाची भीती घालविण्याचे मोठे सामाजिक कार्य या अभ्यासक्रमाने केले, हे निःसंशय. परंतु ते संगणक साक्षरतेचे प्रमाणपत्र आहे; आज्ञावली लेखनाच्या क्षमतेचे नाही. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेप्रमाणे नोकरीच्या अर्जाला जोडावयाचा कागद म्हणूनच अनेक कुटुंबांनी त्याकडे पाहिले.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात उच्च शिक्षणाचा पाया मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने घातला होता. नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत पुढे संगणकविषयक पदवी अभ्यासक्रम आले. पदवी आणि साक्षरतेचे प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला जवळ उपलब्ध झाल्या. त्या दोहोंमध्ये असलेली तिसरी गोष्ट, म्हणजे व्यावसायिक क्षमतेची स्वतंत्र व विश्वासार्ह परीक्षा, मात्र दूरच राहिली.

अलीकडील काळात ही पोकळी काही अंशी भरून निघाली आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या एन.पी.टी.ई.एल. या उपक्रमाने २०१४ पासून प्रमाणपत्र परीक्षा सुरू केल्या आणि २०१७ मध्ये 'स्वयं' हे व्यासपीठ राष्ट्रार्पण झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी अशा अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्यास मान्यता दिली. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. व्याख्याने घरी ऐकता येतात, साप्ताहिक स्वाध्याय सोडविता येतात, परंतु अंतिम परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष उपस्थित राहून द्यावी लागते. विनाशुल्क शिकण्याची मुभा व स्वतंत्र परीक्षा या दोन्ही बाबतींत डोएकच्या मूळ कल्पनेशी या पद्धतीचे नाते जुळते.

८. बिरसीपासून घेण्यासारखे

आज्ञावलीकाराला वैमानिकाप्रमाणे परवाना सक्तीचा करावा काय? विमान वाहतुकीतीलच एका घटनेने हा प्रश्न जगापुढे तीव्रतेने आणला. ऑक्टोबर २०१८ व मार्च २०१९ मध्ये इंडोनेशिया व इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ लोक मृत्युमुखी पडले. दोन्ही अपघातांत विमानाचे नाक आपोआप खाली करणाऱ्या नियंत्रण प्रणालीचा सहभाग आढळला. त्या विमानांचे वैमानिक परवानाधारक होते. विमानाच्या आज्ञावलीलाही विहित मानकांनुसार मान्यता घ्यावी लागते. परंतु ती लिहिणाऱ्या व्यक्तीला परवाना लागत नाही. अर्थात या अपघातांचे मूळ केवळ आज्ञावली लेखनात नव्हते. एकाच संवेदकावर विसंबणारी रचना, वैमानिकांना अपुरी माहिती आणि व्यवस्थापनाचे निर्णय यांत ते होते. आज्ञावलीकाराला परवाना असता तर हे अपघात टळले असते, असे म्हणता येत नाही. तथापि जबाबदारी व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही, ही या व्यवसायातील उणीव त्यातून ठळक झाली.

दुसऱ्या बाजूने पाहता सक्तीच्या परवान्याची किंमत कोण देईल, याचाही विचार करावा लागतो. वैमानिकाचे प्रशिक्षण अत्यंत खर्चिक आहे. बिरसीच्या धावपट्टीला लागून असलेल्या गावांतील किती मुले त्या कुंपणाच्या आत प्रशिक्षणार्थी म्हणून जाऊ शकतात, याचे उत्तर त्या खर्चातच आहे. संगणकाचे क्षेत्र मात्र आजवर परवान्याविना राहिल्यामुळेच स्वप्रयत्नाने शिकलेल्या तरुणाला खुले राहिले. पदवीच्या अटीवरून झालेल्या वादाचा हाच गाभा होता. दार बंद केल्याने गुणवत्ता वाढेल की केवळ रांग लांबेल, हा प्रश्न आजही कायम आहे.

म्हणून परवान्याची सक्ती न स्वीकारता त्यामागील तत्त्वे स्वीकारणे अधिक श्रेयस्कर ठरते. पहिले तत्त्व म्हणजे शिकविणारा व तपासणारा यांची फारकत. महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्याला किमान एक तरी बाह्य, स्वतंत्र परीक्षा देण्यास प्रवृत्त करावे. दुसरे तत्त्व नोंदवहीचे. वैमानिकाचे तास मोजले जातात; त्याप्रमाणे विद्यार्थ्याने लिहिलेल्या, चालवून पाहिलेल्या व दुरुस्त केलेल्या आज्ञावलींची दिनांकवार नोंद ठेवली गेली, तर ती कोणत्याही बहुपर्यायी परीक्षेपेक्षा अधिक बोलकी ठरेल. प्रात्यक्षिकाच्या वह्या महाविद्यालयांत आजही असतात. परंतु त्या बहुधा एकमेकांच्या पाहून उतरविल्या जातात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सह्या होतात. ही वही खरी करणे प्राध्यापकाच्या हाती आहे आणि त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही. तिसरे तत्त्व नूतनीकरणाचे. एकदा मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर पुरत नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगितले गेले पाहिजे. हे प्राध्यापकवर्गालाही तितकेच लागू आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) आज्ञावलीकारांच्या प्रमाणनाचा इतिहास हा पदवी व अनुभव, तसेच परवाना व प्रमाणपत्र यांच्यातील न सुटलेल्या वादाचा इतिहास आहे.

(२) ज्ञानशाखेची अस्थिर सीमा, व्यावसायिकांमधील मतभेद आणि भारतात व्यक्तीऐवजी कंपनीच्या प्रमाणनाला मिळालेले प्राधान्य या कारणांमुळे हा व्यवसाय लेखापालांप्रमाणे वैधानिक बनला नाही.

(३) महाराष्ट्रात खुली परीक्षा, पूर्णवेळ प्रशिक्षण, कंपन्यांच्या परीक्षा व संगणक साक्षरता असे चार प्रवाह निर्माण झाले. त्यांपैकी खुल्या परीक्षेचा प्रवाह ग्रामीण विद्यार्थ्याला सर्वाधिक न्याय देणारा होता. परंतु लोकप्रियतेत तो इतर प्रवाहांच्या मागे पडला.

(४) 'स्वयं'सारख्या व्यासपीठामुळे तो प्रवाह पुन्हा सुरू करण्याची संधी आता महाविद्यालयांना मिळाली आहे. तिचा उपयोग केवळ श्रेयांकांच्या पूर्ततेसाठी झाला, तर तोही कागदी प्रमाणपत्रांचाच आणखी एक अध्याय ठरेल.

बिरसीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याच्या नोंदवहीतील प्रत्येक तास पुढे कोणीतरी तपासणार असतो. त्याच परिसरातील संगणकाच्या विद्यार्थ्याला कायदा असे काही विचारत नाही. ते विचारण्याचे दायित्व त्यामुळे त्याच्या शिक्षकावर येते, आणि ते किती काटेकोरपणे पार पाडले जाते, यावरच त्याच्या हातातील कागदाचे मोल अवलंबून राहील.